घरातली वीज : दीड ओहम की ०.१५?

या महिन्यात तीनच पत्रं घेते आहे. तिन्हींचं मूळ एकाच सूत्रात आहे (व्होल्टला ओहमने भागलं की करंट मिळतो), आणि मधलं उत्तर लांबलं आहे. लांबू दिलं, कारण ते पत्र लिहिणारा मुलगा व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, सेल खिशात घेऊन फिरतो.

प्रश्न : आमच्याकडे कॉइलची जुनी शेगडी आहे, २००० वॅटची. कॉइल मधेच तुटली. मिस्टरांनी तुटका भाग कापून टाकला आणि उरलेली तार ताणून पुन्हा स्क्रूला बांधली. आता शेगडी आधीपेक्षा जास्त लाल होते, पाणीही लवकर उकळतं. तार कमी झाली तर ताप कमी व्हायला हवा ना?
— एक वाचक, करी रोड

उलट आहे ताई, आणि आयटीआयमध्ये पहिल्या वर्षाची निम्मी पोरं इथेच चुकायची. तार जितकी लांब तितका रोध, म्हणजे ओहममध्ये मोजतात तो रेझिस्टन्स, जास्त, आणि रोध जास्त तितका करंट कमी. तुमची शेगडी नवी असताना तिची कॉइल साधारण साडेसव्वीस ओहमची होती आणि २३० व्होल्टवर ८.७ अँपिअर ओढत होती. समजा पाव हिस्सा तार कापली गेली. राहिले वीसच्या आसपास ओहम. करंट झाला साडेअकरा अँपिअर आणि शेगडी झाली २६०० वॅटच्याही वरची. तार मात्र तीच, तेवढ्याच जाडीची. तिला तिच्या ताकदीपेक्षा जास्त तापवलं जातं आहे. ती पुन्हा तुटणार, आणि त्याआधी प्लग आणि वायर गरम होणार. आज शेगडी बंद केल्यावर प्लगला हात लावून पाहा. नवी कॉइल स्वस्त मिळते, तीच टाका. मिस्टरांना सांगा, काम सफाईचं केलंत, पण हिशेब राहिला.

हे डोक्यात ठेवून पुढचं पत्र वाचा.

प्रश्न : मॅडम, नमस्कार. मी वरळीचा, मर्चंट नेव्हीत एबी, म्हणजे डेकवरचा खलाशी आहे. नऊ वर्षं सिगारेट ओढली, दिवसाला एक पाकीट. दोन वर्षांपूर्वी एका बंदरात व्हेप घेतलं आणि सिगारेट सुटली. आता माझ्याकडे बॉटम-फीडर आहे. त्यात खाली मऊ बाटली असते, ती दाबली की लिक्विड वर ॲटमायझरमध्ये, म्हणजे वाफ करणाऱ्या कॉइलच्या भागात, चढतं. आत बोर्ड, म्हणजे व्होल्टेज सांभाळणारं सर्किट, नाही; फक्त एक १८६५० मापाचा सेल आणि बटण. ॲटमायझर १.५ ओहमचा आहे, पाकिटावर लो-रेझिस्टन्स लिहिलंय. सेल भरलेला असतो तेव्हा बरं वाटतं, संध्याकाळपर्यंत दम जातो. जहाजावरचा मित्र म्हणतो, हा कसला लो-रेझिस्टन्स, ०.१५ चा लाव. मग खरा लो-रेझिस्टन्स कोणता आणि मी कोणता घ्यावा? लिक्विड मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम निकोटिनचं वापरतो. सध्या सुट्टीवर घरी आहे.
— एक वाचक, वरळी

आधी कायद्याचं सांगते, म्हणजे ते मधे मधे येणार नाही. १८ सप्टेंबर २०१९ ला केंद्राने अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, पाठवणं, विकणं, वाटणं, साठा करणं, जाहिरात करणं, सगळ्यावर देशात बंदी आहे. आणि ही बंदी अख्ख्या उपकरणावर आहे तशीच त्याच्या सुट्या भागावरही आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडलात तर तीन वर्षं आणि पाच लाखांपर्यंत. म्हणजे सुट्टीवर येताना बॅगेतून ते आणणं हीच आयात झाली, आणि मुंबईत कुणी तुम्हाला ॲटमायझर विकला तर त्याने गुन्हा केला. तुम्ही जहाजावरचे, म्हणून एक जास्तीचं : सिंगापूरमध्ये २०१८ पासून ते नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा आहे. तेव्हा इथे कोणता ॲटमायझर कुठून घ्यायचा हे मी सांगणार नाही, आणि पुढच्या सुट्टीत ते घरी आणू नका.

मग उत्तर का देते? कारण ते तुम्ही वापरताच आहात, आणि मी नाही सांगितलं तर मित्राचं ०.१५ हेच उत्तर राहील. मला ते सहन होणार नाही.

तुमच्या पाकिटावरचा आणि मित्राच्या बोलण्यातला शब्द एकच आहे, पण तो दोन वेगळ्या काळांतला आहे. या उपकरणांच्या सुरुवातीच्या दिवसांत ॲटमायझर अडीच-तीन ओहमचे असायचे. सेल ३.७ व्होल्टचा. व्होल्टचा वर्ग करा, त्याला ओहमने भागा, वॅट मिळतात : पाच वॅटच्या आसपास. इतक्यात वाफ कशीबशी निघते. म्हणून १.५ ओहमचे काढले. त्याच सेलवर नऊ वॅट. त्या काळात तो लो-रेझिस्टन्स होता आणि बॉटम-फीडरवाले आवडीने तोच लावत, कारण आत बोर्ड नसायचा, व्होल्टेज वाढवता येत नसे. वॅट वाढवायचे तर रोध कमी करणं एवढंच हातात होतं. नंतर लोक एक ओहमच्या खाली उतरले, मग अर्ध्याच्या, मग पावच्या. पाकिटावरचा शब्द मात्र तोच राहिला.

आता तुमचा १.५ आणि मित्राचा ०.१५ शेजारी मांडा. दशांश चिन्ह एक घर सरकलंय. भरलेला सेल ४.२ व्होल्ट देतो. १.५ वर करंट २.८ अँपिअर आणि ताप बारा वॅटच्या आतबाहेर. ०.१५ वर करंट २८ अँपिअर, ताप ११७ वॅट. प्रत्यक्षात इतक्या ओढीला सेलचं व्होल्टेज दबतं आणि आकडा थोडा खाली येतो, पण हिशेब नेहमी वरच्या टोकाचाच धरायचा. वर करी रोडच्या ताईंची शेगडी नवी असताना २००० वॅटची होती आणि पावणेनऊ अँपिअर ओढत होती. तुमचा मित्र तुम्हाला सांगतोय की बोटाएवढ्या सेलमधून त्याच्या तिपटीहून जास्त अँपिअर ओढ. शेगडीच्या मागे घराचा एमसीबी आहे, करंट फार वाढला की आपोआप पडणारा. तुमच्या उपकरणात बोर्डच नाही, म्हणजे सेल आणि कॉइल यांच्यामध्ये तुमच्या अंगठ्याशिवाय काही नाही.

म्हणून ॲटमायझर निवडताना सुरुवात ॲटमायझरपासून करू नका. सेलपासून करा. सेलचा सलग देता येणारा करंट किती, हे आधी माहीत हवं. सॅमसंगचा २५आर किंवा एलजीचा एचजी२ यांचं रेटिंग २० अँपिअर आहे. जास्त मिलिअँपिअर-अवरवाले, म्हणजे साठवण जास्त असलेले, पॉवर बँक आणि लॅपटॉपच्या पॅकमधले सेल बरेचदा दहाच्या आत असतात. ते हळूहळू आणि खूप वेळ द्यायला बनवलेले, एकदम ओढायला नाही. वेष्टनावर कधी कधी पल्सचा आकडा मोठ्या अक्षरात छापतात, ३० किंवा ३५. तो काही सेकंदांपुरता असतो, त्यावर हिशेब करू नका. मी माझ्या पोरांना सांगायचे तेच सांगते : रेटिंगच्या अर्ध्यावर काम करा. वीसचा सेल असेल तर दहा अँपिअर, म्हणजे ०.४ ओहमच्या खाली जायचंच नाही. ०.२ वर भरलेला सेल २१ अँपिअर देऊ पाहतो, म्हणजे चांगला सेलही मर्यादेच्या पलीकडे गेला. ०.१५ चा तर विचारच सोडा.

आणि सेल खरा आहे का? इथे मी स्वतः फसले आहे, म्हणून सांगते. टॉर्चसाठी म्हणून लॅमिंग्टन रोडला एका टेबलावरून दोन १८६५० घेतले होते. वर ९९०० मिलिअँपिअर-अवर छापलेलं. मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण या मापाचे चांगल्यातले चांगले सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. घरी येऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. खरा सेल पंचेचाळीस ग्रॅमच्या वर भरतो. हे भरले एकतीस. एकाचं वेष्टन ब्लेडने सोलून, नीट काळजी घेऊन उघडला, तर आत अंगठ्याएवढा दुसराच छोटा सेल, आणि उरलेल्या जागेत पांढरी भुकटी दाबून भरलेली. मी अठ्ठावीस वर्षं वीज शिकवली आणि तरी मला तो विकला गेला. तुमच्या काट्यावर तुमचा सेल आजच ठेवून पाहा.

आता तुमचं खरं दुखणं, संध्याकाळी दम जातो ते. यात बिघाड काही नाही. बोर्ड नसलेल्या उपकरणात सेल उतरेल तसे वॅट उतरतात, आणि वॅट व्होल्टच्या वर्गाने उतरतात म्हणून ते लगेच जाणवतं. सकाळी ४.२ व्होल्टवर १.५ ओहम तुम्हाला पावणेबारा वॅट देतो. संध्याकाळी सेल साडेतीनवर आला की त्याच ॲटमायझरवर सव्वाआठ. आता हाच हिशेब १ ओहमवर करा. साडेतीन व्होल्टवर सव्वाबारा वॅट. म्हणजे १ ओहमची संध्याकाळ तुमच्या दीड ओहमच्या सकाळएवढी आहे. आणि भरलेल्या सेलवर करंट किती, तर ४.२ अँपिअर. कुठल्याही बऱ्या सेलला ते झेपतं. तुमच्या प्रश्नाचं विजेपुरतं उत्तर हे : १ ओहमच्या आसपास. मित्राच्या सांगण्यातलं खरं एवढंच की रोध थोडा कमी व्हायला हवा. थोडा म्हणजे दीडवरून एक, दीडवरून ०.१५ नाही.

पण त्याहून सोपं आहे ते आधी करा, कारण त्याला काही विकत घ्यावं लागत नाही. सेल दुपारीच बदला. साडेतीनपर्यंत ओढत बसू नका. तो ३.२ च्या खाली नेत राहिलात तर त्याचं आयुष्यही घटतं. जोडीचा दुसरा सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा. खिशात सुटा कधीच नाही. याचं कारण पुढच्या पत्रात येतं.

बॉटम-फीडरचं स्वतःचं असं एक दुखणं आहे आणि ते दुकानदार सांगत नाहीत. २०१८ मध्ये, बंदीच्या आधी, माझा एक जुना विद्यार्थी असलं उपकरण घेऊन लालबागला माझ्या घरी आला होता. 'बाई, बटण गरम लागतं' म्हणाला. आम्ही ते जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून उघडलं. बाटलीतून येणारी नळी ॲटमायझरच्या मधल्या पोकळ पिनमध्ये जाते. बाटली दाबली की लिक्विड पिनमधून वर जाऊन कापसाच्या वातीत मुरतं, बाटली सोडली की जास्तीचं परत खाली ओढलं जातं. समईची वात तेल ओढते तसं वरचं काम, आणि खाली पिचकारी. कल्पना मला फार आवडली. पण लिक्विडचा रस्ता आणि विजेचा रस्ता एकाच पिनमधून जातो. त्याच्या पिनच्या बुडाशी, पितळी पट्टी जिथे टेकते तिथे, चिकट तपकिरी थर बसला होता. नखाने निघेना. स्पिरिट लावलेल्या कापसाने घासून काढला, तेव्हा खाली काळे डाग दिसले. ठिणगीचे.

असल्या घाणीने तिथे एका ओहमच्या शंभर भागांतले दोन भाग, ०.०२ ओहम, रोध वाढला असं धरा. तुमच्या २.८ अँपिअरला त्या जागी ताप होतो ०.१६ वॅट. बोटाला कळणारही नाही. २८ अँपिअरला त्याच जागी पंधरा वॅटच्या वर ताप. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढा, बटणाच्या स्प्रिंगमध्ये. करंट दहापट, ताप शंभरपट. स्प्रिंग तापून मऊ पडते, बसते, बटण दाबलेलंच राहतं. त्या मुलाची तेव्हाची कॉइल ०.२ ची होती. मग आम्ही दोघांनी मिळून नवी वळली : तीन मिलिमीटरच्या ड्रिल बिटवर २६ गेजच्या कांथल तारेचे सहा वेढे, पाय धरून साधारण सव्वासात सेंटिमीटर तार, ०.८ ओहम. कांथल म्हणजे लोखंड, क्रोमियम आणि ॲल्युमिनियमची मिश्र तार, स्वीडनमधली, आपल्या शेगडीच्या निक्रोमची चुलत बहीण. बटण गरम लागणं थांबलं. त्याने तेव्हा तोंड वाकडं केलं होतं, वाफ कमी येते म्हणून. पुढे त्याने ते सोडलंच.

तर तुमच्या उपकरणात पिन आणि पट्टी दर आठवड्याला, सेल काढून, पुसून घ्या. लिक्विड सेलच्या खोलीत उतरलेलं दिसलं तर ते पूर्ण सुकेपर्यंत सेल आत घालू नका. पिनभोवतीची प्लॅस्टिकची चकती फुटली असेल तर ॲटमायझर फेकून द्या. ती गेली की पिन थेट बाहेरच्या चुडीला, म्हणजे आट्यांना, टेकते, आणि मग ओहम उरतच नाहीत.

ॲटमायझर मीटरवर मोजून पाहिला असेल तर एक सावधगिरी. साध्या मल्टिमीटरच्या वायरींचाच रोध दोन-तीन दशांश ओहम असतो. दोन्ही टोकं एकमेकांना लावा, जो आकडा येईल तो लिहून ठेवा, मग मोजा आणि तो वजा करा. शेगडीच्या साडेसव्वीस ओहममध्ये ०.३ कुणी विचारत नाही. मित्राच्या ०.१५ मध्ये तो ०.३ म्हणजे अख्ख्या कॉइलपेक्षा मोठा आहे. शिवाय स्वस्त मीटर शेवटचा आकडा दशांशातच दाखवतो. ०.१५ आणि ०.२५ यांतला फरक तो भरवशाने दाखवू शकत नाही, आणि त्या फरकात अकरा अँपिअर लपलेले असतात. जे तुम्हाला मोजता येत नाही ते वापरू नका. माझ्या वर्गात हा नियम फळ्याच्या कोपऱ्यात वर्षभर लिहिलेला असायचा.

बोर्डवाली उपकरणं वेगळी. त्यात तुम्ही वॅट ठरवता आणि बोर्ड व्होल्टेज कमीजास्त करून तेवढेच देतो, म्हणून सेलवरचा भार ओहमवर नाही, वॅटवर ठरतो. साठ वॅट लावलेत आणि सेल उतरत आला असला तर बोर्डही वीस अँपिअर ओढू शकतो. पण तो शॉर्ट ओळखून बंद पडतो. तुमचा पडणार नाही. २०१८ च्या मे महिन्यात फ्लोरिडात एक माणूस अशाच बिनबोर्डाच्या उपकरणाच्या स्फोटात गेला.

आता लिक्विड. तुम्ही विचारलं नव्हतंत, पण ५० मिलिग्रॅम वाचून मी पत्र खाली ठेवलं. इतकं तीव्र लिक्विड छोट्या, कमी वॅटच्या उपकरणांसाठी असतं, जिथे एका झुरक्यात वाफ अगदी थोडी येते. ब्रिटनमध्ये तर २० च्या वर विकायलाच परवानगी नाही. तुमच्या दीड ओहमवर ते आधीच जास्त आहे. मित्राचं ऐकून ०.१५ लावला असतात तर वाफ कितीतरी पट आणि प्रत्येक झुरक्यात निकोटिनही तितक्याच पट. चक्कर, उलटी, छातीत धडधड, हे डेकवर किंवा शिडीवर असताना झालं तर? १ ओहमवर जायचं तरी लिक्विड सौम्य करूनच. आणि झुरक्याआधी बाटली दाबायची, झुरका घेताना नाही. कोरडी वात तापली की कापूस जळतो आणि लिक्विडमधलं ग्लिसरीन करपून ॲक्रोलिन तयार होतं. तेल धूर सोडायला लागलं की डोळे आणि घसा चुरचुरतो ना, तोच पदार्थ.

नऊ वर्षांची सिगारेट तुम्ही सोडलीत. ते सोपं नसतं, माझ्या थोरल्या भावाला जमलं नाही. तुम्ही अर्धं अंतर आला आहात असं मी मानते. राहिलेलं अर्धं, म्हणजे निकोटिन, सोडायला मदत मिळते : १८००-११-२३५६, फुकट आहे, आणि मराठीत बोलता येतं. ही सेवा चालवणाऱ्या केंद्रांपैकी एक परळलाच आहे, टाटा मेमोरियलमध्ये. जहाज लागायच्या आधी एक फोन करा. मग ओहमचा हा हिशेब तुम्हाला लागणारच नाही, आणि मला त्याचं अजिबात वाईट वाटणार नाही.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. त्याच्या बॅगेत पेनपेक्षा जाड एक नळी आणि बोटाएवढा सुटा सेल सापडला. सेलचं वेष्टन एका टोकाला फाटलंय. तो घराच्या किल्ल्या आणि सुट्या पैशांबरोबर एकाच कप्प्यात होता. मुलगा म्हणतो मित्राचं आहे. मी ते सगळं कपाटात लपवून ठेवलंय. कचऱ्यात टाकू का? खूप घाबरले आहे.
— एक आई, भांडुप

ताई, ते आधी कपाटातून काढा. कपड्यांमध्ये तर नक्कीच नको.

घाबरण्याचं कारण नळी नाही, सेल आहे. या सेलचं अख्खं बाहेरचं पत्र्याचं अंग ऋण असतं आणि वरचं बटण धन. दोघांच्या मध्ये त्या पातळ रंगीत वेष्टनाचा आणि आतल्या कागदाच्या एका चकतीचा काय तो आडोसा. वेष्टन वरच्या टोकाला फाटलं असेल तर एक किल्ली किंवा दोन रुपयांचं नाणं आडवं पडलं तरी दोन्ही टोकं जुळतात. तिथे दीड ओहम नाही, ०.१५ नाही, काहीच नाही. सेलमध्ये असेल तेवढा करंट एकदम बाहेर येतो. सकाळच्या ८.१२ च्या लोकलच्या गर्दीत, बॅग छातीशी धरलेली असताना हे झालं तर बॅग उतरवायलाही जागा नसते.

करायचं ते असं. सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, साधी सेलोटेप चालेल, काळी इन्सुलेशन टेप असेल तर उत्तम. फाटलेल्या जागेवरही गुंडाळा. मग काचेच्या बरणीत, झाकण घट्ट न लावता, गॅस आणि पडद्यापासून दूर ठेवा. चार्जिंगला लावू नका, भरला आहे की उतरला हे पाहायलासुद्धा. घंटागाडीत टाकू नका, ओल्यात नाही आणि सुक्यातही नाही. कचरा दाबणाऱ्या गाडीत असे सेल चिरडले जाऊन पेट घेतात आणि त्या गाडीवर माणसं काम करत असतात. अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करणं ही बनवणाऱ्यांची आणि आयात करणाऱ्यांची जबाबदारी आहे. सेल फुगला, तापला, किंवा गोडसर वास यायला लागला तर हातात धरू नका. शक्य असेल तर बरणीसकट मोकळ्या जागी ठेवून लांब व्हा. धूर आला तर बादलीभर पाणी ओता. घरातला मेन बंद करत बसू नका, हा सेल मेनवर नाही.

आणि मुलाचं. मी मास्तरीण होते, आई नाही, तरी सोळा-सतरा वर्षांची पोरं माझ्यासमोर अठ्ठावीस वर्षं बसली आहेत. मित्राचं आहे हे खरं असेल किंवा नसेल, आज ते सोडवू नका. त्याला बरणीजवळ बोलवा आणि हा कॉलम वाचायला द्या. मग फाटलेलं वेष्टन, त्याखालचा चमकणारा पत्रा आणि एक किल्ली समोर ठेवून त्याला एवढंच विचारा : हे तुझ्या बॅगेत किती दिवस होतं? उत्तर आल्यावर तुम्ही काही बोलू नका, त्यालाच बोलू द्या. टेप मात्र त्यालाच लावायला सांगा, तुमच्या समोर. किल्ली आधी बाजूला करून.